पट्टेअण्णांचं नाव मी छापलं

पट्टेअण्णा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. पायरीवर सावली पडली की त्यांची नजर थेट मनगटावर जायची आणि ते ‘हात’ एवढंच म्हणायचे. हात पुढे करायचा. मग ते लांबूनच, मान तिरकी करून, हाडाचा उंचवटा, शिरा, जुन्या पट्ट्यानं पडलेला फिका वळ असं सगळं निरखायचे. बोट लावायचे नाहीत. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, पण चार वर्षांनी परत आलेल्या एका माणसाला, “लहानपणी हात मोडून घेतलेला तो तूच ना?” असं विचारून त्यांनी गप्प केलेलं मी पाहिलं आहे.

त्यांचं दुकान बळेपेठेच्या एका बोळात जिन्याखाली होतं. उभं राहिलं की डोकं आपटेल एवढं. घराणं तीन पिढ्या बंगळुरात, जात चर्मकार, घरात मराठी, बोळात कन्नड. वडील चपला शिवायचे. अण्णा घड्याळाच्या चामडी पट्ट्यांकडे वळले आणि तेच त्यांचं नाव झालं. मी पुण्याहून आलेली. दिवसा एका छापखान्यात इंग्रजी प्रुफं तपासायची आणि संध्याकाळी आमच्या पाच-सहा जणांच्या गटासाठी पत्रकं लिहायची. पाणी, हुंडा, बसचं भाडं, काहीही. आमच्या पत्रकातलं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी छातीवर बोट ठेवून सुरू व्हायचं.

त्र्याण्णव साली मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती पुरुषी घड्याळ घेऊन. बायकांची घड्याळं शर्टाच्या बटणाएवढी का असावीत, या रागातून मी ते घेतलं होतं. काळा पट्टा द्या म्हटलं.

“काळा का?”

“सगळ्यावर चालतो.”

“सगळ्यावर चालतो म्हणून कोण सासरा जावई करतो का अक्का?” ते म्हणाले. मी त्यांच्या मुलीच्या वयाची. पण बोळातली रीत, बाई म्हणजे अक्का. “घड्याळ मोठं, मनगट बारीक. वर काळा घातलात तर पोलिसानं बेडी घातल्यासारखं दिसेल.”

“पोलिसांची मला सवय आहे.”

“मग सवय नसलेलं काहीतरी घाला.”

त्यांनी मला तांबूस मधाच्या रंगाचं साधं चामडं दाखवलं. पट्टा मात्र लगेच दिला नाही. ती त्यांची पद्धतच होती. जाड कागदाची पट्टी कापून ते घड्याळात ओवून द्यायचे आणि म्हणायचे, तीन दिवस घालून या. तीन दिवसांत कागद जिथे मळेल, चुरगळेल, फाटेल, त्यावरून ते ठरवायचे की हा माणूस मनगट टेबलावर टेकवून लिहितो, की याला घाम फार, की हा घड्याळ सैल सोडून सारखं फिरवत बसतो. माझा कागद दुसऱ्याच दिवशी फाटला. “भाषण करताना हात आपटता,” ते म्हणाले आणि अस्तर दुहेरी घेतलं.

दोऱ्याचा रंग ते चामड्यावरून निवडत नसत, तबकडीवरच्या आकड्यांवरून निवडत. पट्टा घड्याळाकडे रुंद, बक्कलाकडे निमुळता. भोकं सात. बक्कलाचा काटा बरोबर मधल्या भोकात बसला पाहिजे. “शेवटच्या भोकात बसला तर तो पट्टा दुसऱ्याचा, तुम्ही नुसता सांभाळताय.” पुण्याचे दोन कॉम्प्युटरवाले एकदा मगरीच्या कातड्यासारखा ठसा असलेला पट्टा मागायला आले. अण्णांनी दोघांची मनगटं बघितली. “मगर तुमच्या मुठा नदीत आहे का?” पोरं हसली. “मग गाईच्या कातड्याला मगर का म्हणायला लावता? स्वल्प लाज तिला पण असेल ना.” दोघांनी साधे पट्टे नेले आणि पुढच्या महिन्यात आणखी तिघांना घेऊन आले.

आता ठोकळ्याचं सांगते.

माझा पट्टा तयार झाला तेव्हा मी हात पुढे केला. अण्णांनी पट्टा माझ्या हातात न देता समोरच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवला. मला वाटलं, विसरले. पण प्रत्येकालाच ते तसं देत. मी विचारलं तर सहज बोलले, “वडलांच्या वेळची रीत. आमच्या हातातून कोण घेणार? ठोकळ्यावर ठेवायचं, त्यांनी पाणी शिंपडून उचलायचं. आता पाणी गेलं. ठोकळा राहिला.”

माझ्या घरच्या आडनावामुळे आम्हाला कधी कुणी काही विचारलेलं नाही. त्यामुळे राग आला तो अगदी स्वच्छ, फुकटचा राग होता. त्याच आठवड्यात मी मराठी मंडळाच्या अध्यक्षांना तिथे पाहिलं. कापडाचे व्यापारी, मंडळात ‘आपण सारे एक’ यावर दरवर्षी बोलणारे. त्यांनी ठोकळ्यावरून पट्टा उचलला, ठोकळ्यावर पैसे ठेवले आणि “बरं आहे ना अण्णा?” म्हणून निघाले. मी तिथेच पत्रकाचं शीर्षक मनात जुळवलं.

अण्णांची मुलगी शारदा त्या मंडळाच्या सभागृहात दर रविवारी मराठीचा वर्ग घ्यायची. घरी मराठी बोलणाऱ्या पण एक अक्षर न वाचता येणाऱ्या वीस-बावीस मुलांना तिनं वर्षभरात गोष्टी वाचायला लावलं होतं. ती कुणाची मुलगी, हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. अण्णा रविवारी सभागृहासमोरच्या रस्त्यावरून दोनदा चालत जायचे. आत कधी गेले नाहीत. “तिथं ती शारदा टीचर आहे,” ते मला म्हणाले होते. “खिडकीतून पोरांचा आवाज येतो. बस्स.” हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी लिहिलं.

‘पट्टा चालतो, हात चालत नाही.’ दोनशे प्रती. अण्णांचं पूर्ण नाव, बोळ, जात, ठोकळा. आणि शेवटी, ‘ज्यांची कन्या याच सभागृहात तुमच्या मुलांना अक्षरं शिकवते, त्यांच्या हातून तुम्ही वस्तू घेत नाही.’ ते वाक्य मला फार आवडलं होतं. मंडळाच्या दिवाळी मेळाव्याला फाटकावर उभं राहून मी प्रत्येकाच्या हातात पत्रक दिलं.

शिव्या मिळतील अशी तयारी होती. तसं काहीच झालं नाही. अध्यक्षांनी पत्रक वाचून मान हलवली आणि अण्णांना शाल-नारळ द्यायचा ठराव मांडला. शारदाशी सगळे जास्तच गोड बोलायला लागले. मग एका मुलाला रविवारची ट्यूशन लागली. दुसऱ्याला कराटे. दोन बहिणींना सारखी सर्दी. संक्रांतीला वर्गात पाच मुलं होती, होळीला एकही नाही.

मी अध्यक्षांना जाब विचारायला गेले. ते शांतपणे म्हणाले, “बाई, आम्ही तिला काढलं का? सभागृह उघडंच आहे.” खरंच उघडं होतं. कुणावर बोट ठेवावं असं एकही माणूस त्यात सापडेना. इतकी व्यवस्थित केलेली गोष्ट मी आधी पाहिली नव्हती.

मग दुसरं पत्रक लिहायचं ठरवून मी अण्णांकडे गेले. या वेळी विचारायला गेले, एवढीच माझी सुधारणा. ते एका पट्ट्याची कड घासत बसले होते. माझ्या मनगटाकडे त्यांनी पाहिलं नाही, तोंडाकडे पाहिलं.

“तुम्ही लिहिलं त्यात खोटं काही नाही अक्का. पण ते माझं होतं. मला विचारायचं.”

“अन्याय एकट्याचा नसतो अण्णा.” मी अजूनही पत्रकातच बोलत होते. “आणि तुम्ही स्वतः तो ठोकळा का नाही फेकलात इतकी वर्षं?”

“फेकणार होतो.” त्यांनी पट्टा उजेडात धरून कड तपासली. “अजून दोन वर्षं पाहिजे होती. तिच्या वर्गातली पोरं मोठी झाली असती. एखाद्याला पहिलं घड्याळ मिळालं असतं, तो आला असता इथं, म्हटला असता, तुम्ही आमच्या टीचरचे अप्पा ना? त्याच्या हातात द्यायचा होता मला. पहिला.”

मग ते म्हणाले, “सरी, ठीक आहे, आता जावा. गिऱ्हाईक येतील.” रागानं नाही. रागानं म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं.

दुसरं पत्रक मी लिहिलं नाही. त्या बोळातही गेले नाही. कामं होती, मोर्चे होते. कारणं शोधायला मला कधीच वेळ लागत नाही. तीन वर्षांनी तिथून जाताना जिन्याखाली टेलिफोन बूथ दिसला. बूथवाल्यानं सांगितलं, पट्टेवाले गेले, सहा महिने झाले, छातीत दुखून. मुलगी जे. पी. नगरला असते, लग्न झालंय, कुठल्याशा ऑफिसात नोकरी.

पत्ता काढून मी रविवारी गेले. शारदानं दार उघडलं, मला ओळखलं, आणि “बन्नि, कूतकोळ्ळि” म्हणाली. या, बसा. मला वाटलं, सवयीनं आलं तोंडात. मी मराठीत बोलत राहिले. अण्णांविषयी बोलले. मग जे बोलायला आले होते ते बोलले: पत्रक माझं होतं, नाव मी छापलं, तिचा वर्ग माझ्यामुळे मोडला, मी विचारायला हवं होतं. हे सगळं मी न थांबता, शुद्ध, मुद्देसूद मराठीत सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ज्या बाईनं बावीस मुलांना मराठी वाचायला शिकवलं तिला त्यातला शब्दन् शब्द कळला होता.

ती उठली आणि कन्नडमध्ये म्हणाली, जेवायची वेळ आहे, जेवून जा.

मी जेवले. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. ती शेजारी उभी राहून आग्रहानं वाढत होती, भात, सार, पुन्हा भात, आणि दर वेळी कन्नडमध्येच विचारत होती. मला कन्नड जेमतेम येतं. पुरे म्हणण्यापुरता एक शब्द होता माझ्याकडे. मी खाली बघून म्हणत राहिले, साकु. साकु.