कोटांच्या कपाटातली बरणी

मांजर आडवं गेलं तर मी गाडी थांबवते, पण मांजर वाचावं म्हणून. पत्रिका, दृष्ट, अमावास्या यातलं काही मी कधी मानलं नाही आणि मानणाऱ्यांशी वादही घातला नाही, तेवढा वेळ नसतो. या सदरातले अनुभव मी वाचते, तेसुद्धा 'यांनी वायरिंग तपासलं होतं का?' असं मनात म्हणत. माझं वाचून तुम्ही तसंच म्हणालात तरी चालेल. मी सगळं तपासलंय.

सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला राहते. वय त्रेपन्न. लहान मुलांच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये ऑफिस सांभाळते. तिथल्या लसींच्या फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ कागदावर लिहून सही करणं हे माझं काम, बारा वर्षं झाली. हे सांगतेय कारण पुढे आकडे येणार आहेत. मुलगा नोकरीला दुसऱ्या राज्यात गेल्यावर मी आणि माझा नवरा श्रीकांत मोठं घर विकून एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये आलो. दार उघडलं की उजव्या हाताला कोटांचं कपाट. एक माणूस आत जेमतेम बसेल एवढं.

ईरा माझी भाची, नागपूरच्या ताईची मुलगी. मास्टर्ससाठी सिअ‍ॅटलला आलेली, पंचवीस वर्षांची. दर शनिवारी आमच्याकडे जेवायला आणि कपडे धुवायला. गेल्या ऑक्टोबरात ती एक खोका घेऊन दारात उभी.

"मावशी, लगेच नो म्हणू नकोस."

"काय आहे ते आधी सांग."

"बिअर किट. फक्त एक गॅलन, चार लिटरभर. घरी करायची."

"तुझ्या रूमवर कर."

"चौघी आहोत गं तिथे. दुधावरसुद्धा नाव लिहून ठेवावं लागतं. तुझं ते कोटांचं कपाट एकदम परफेक्ट आहे, अंधारं आणि गार. आणि हो... आईला सांगू नकोस."

मी काही म्हणायच्या आत श्रीकांत मोठं पातेलं शोधायला लागला होता. आम्ही तिघंही पहिल्यांदाच करत होतो. माझ्या बासुंदीच्या पातेल्यात माल्ट म्हणजे मोडाचं सातू आणि हॉप्सची कडू फुलं तासभर उकळली, ओल्या कोंड्यासारखा वास पडद्यांना लागला, पातेलं बाथटबमध्ये बर्फात ठेवून गार केलं. ओट्यावर जागा नव्हती, म्हणून गाळणं टॉयलेटच्या झाकणावर... असो. यीस्टची ट्यूब फ्रिजमधून काढलेली, थंडगार. ती ईराने स्वेटरच्या आत काखेत धरून ठेवली, चांगली तीन तास.

"अगं टेबलावर ठेव की."

"नाही गं, अंगाच्या उबेत लवकर जागं होतं."

ते मला पटलं. शेवटी विरजणच ते. थंडीत दह्याचं भांडं मीही शालीत गुंडाळते. तिने ट्यूब बरणीत ओतली, वर पाणी भरलेली प्लास्टिकची नळी बसवली — आतली हवा बाहेर यावी, बाहेरची आत जाऊ नये म्हणून — आणि काचेची ती बरणी आम्ही कपाटात बुटांशेजारी ठेवली. दाराच्या आतल्या बाजूला मी तापमानाचा तक्ता चिकटवला.

"बिअरलासुद्धा रेकॉर्ड शीट? काका, बघा ना ही!"

"बारा वर्षांची सवय आहे," श्रीकांत म्हणाला. "मला ताप आला तरी सही करते."

सोमवारी बरणी बोलायला लागली. बुडुक... बुडुक. टॉर्च मारून पाहिलं तर आत सगळं घुसळत होतं, वर-खाली, कुणी हात न लावता. वर फेसाचा जाड थर. मी भावूक बाई नाही, पण खरं सांगते, बुटांच्या शेजारी एवढं जिवंत काही चाललेलं पाहून मी दहा मिनिटं उकिडवी बसून राहिले. तापमान ६६ ते ६८ फॅरनहाइट. किटच्या पुस्तिकेत लिहिलं होतं तसंच. शुक्रवारपर्यंत बुडबुडे थांबले, बरणी घराइतकी, म्हणजे ६४ झाली. काम संपलं होतं.

शनिवारी ईरा कॅस्केड्सच्या डोंगरात ट्रेकला गेली. मैत्रिणीने आयत्या वेळी कॅन्सल केलं, तर ही एकटीच गेली. सकाळी मेसेज : 'आठपर्यंत येते, काकांना सांग पोळ्या संपवू नका.' आठ वाजले, नऊ वाजले. फोन लागेना. आम्ही कळवल्यावर शोधपथकाला तिची गाडी पायथ्याच्या पार्किंगमध्ये मिळाली. ती नव्हती.

रविवारी सकाळी श्रीकांत तिकडे निघाला. शोधपथकातल्या एका बाईंनी फोनवर सांगितलं होतं की घरी कुणीतरी थांबा, ती फोन करू शकते, आम्हालाही माहिती लागेल. म्हणून मी थांबले. कपाटातून त्याचा रेनकोट काढून दिला. त्याने एक बाही घातली आणि थांबला.

"वैजू, हा गरम आहे."

"काय?"

"कोट. कुणीतरी आत्ताच अंगातून काढल्यासारखा."

त्याला घाई होती, तो गेला. मी कपाटात हात घातला. कोट गरम, त्याखालचे बूट गरम. बरणीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला म्हणून नाही. ती माणसाच्या अंगाइतकी गरम होती. मुलाचा ताप उतरल्यावर पाठीला हात लावतो ना... तशी.

बरणीवर चिकटवलेली तापमानाची पट्टी ऐंशीच्या पुढे वाचत नाही, ती काळी पडली होती. मी स्वयंपाकाचा, सळीवाला प्रोब थर्मामीटर आणला. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवला : ३२. बरोबर. स्वतःच्या तोंडात धरला : ९८. बरोबर. धुऊन, पुसून बरणीत सोडला.

९८.४.

हा आकडा आपल्याकडे कुणाला सांगावा लागत नाही.

घराचं हीटिंग बंद होतं. मी तक्त्यावर वेळ घातली, आकडा लिहिला, सही केली. दुपारी बारा : ९८.०. संध्याकाळी सहा : ९७.१. घर : ६४. डोंगरावर पाऊस होता, वरच्या भागात बर्फ. ढगांमुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं.

सोमवारी सकाळी सात वाजता : ९४.२. अकरा वाजता : ९१.८.

तोवर मी स्वतःला काहीही म्हणू दिलं नव्हतं. मी फक्त आकडे लिहीत होते. श्रीकांतचा फोन आला, आवाज बसलेला. पथकाच्या बाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आज रात्री आणखी बर्फ आहे, आजची रात्र अवघड. तो फोन ठेवला आणि ताईचा आला. नागपुरात मध्यरात्र होत आली होती.

"काही कळलं?"

"अजून नाही."

"वैजू, खरं सांग. मी मास्तरीण होते तीस वर्षं, मला खोटं बोललेलं कळतं. आहे का माझी पोर?"

"आहे."

"कशावरून?"

काय सांगणार? ईराने बजावलं होतं आईला सांगू नको म्हणून. पण मला दुसरं काहीच सांगण्यासारखं नव्हतं.

"ताई, तिने माझ्याकडे एक बरणी ठेवलीय. बिअरची. आम्ही घरी केली. तिनेच विरजण घातलं. ती बरणी कालपासून गरम आहे, अंगासारखी. कशाने ते मला माहीत नाही."

"काय बोलून राहिली तू?"

"मला माहीत नाही, ताई."

मला वाटलं आता रडेल, नाहीतर दारूवरून बोलेल. मग तिने विचारलं, "आत्ता किती आहे?"

"साडेएक्याण्णव."

"काल?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."



"मग ती गार होऊ देऊ नकोस," ताई म्हणाली. "ऐकलंस का, वैजू? गार होऊ देऊ नकोस."

मी कंबरेसाठी वापरते तो हीटिंग पॅड काढला. लो वर लावला. जो गारठलाय त्याला एकदम गरम करायचं नसतं, हे क्लिनिकमध्ये शिकलेय. बरणीला पॅड, त्यावर दह्याची शाल, त्यावर माझा लोकरीचा कोट. तेवढ्याने समाधान होईना. मग कपाटात शिरले, बूट बाहेर ढकलले, भिंतीला टेकून बसले आणि बरणी मांडीवर घेतली. आपण काय करतोय ते मला दिसत होतं. त्रेपन्न वर्षांची बाई भर दुपारी कपाटात, बिअरची बरणी छातीशी धरून. फोन गुडघ्याजवळ. देवाला हाक मारली नाही. नुसती घट्ट धरून बसले.

बारा वाजता ९१.०. एक वाजता ९२.६. दोन वाजून दहा मिनिटांनी ९५.०. पॅड लावल्यावर बरणी गरम होणारच, त्यात काही नवल नाही, हे तुमच्याआधी मी म्हणते.

चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"सापडली!" श्रीकांत ओरडत होता. "पाय मोडलाय. बोलतेय. बूट कापला म्हणून चिडलीय, वैजू, महागाचा होता म्हणतेय!"

मी ताईला कळवलं. मग कपाटातून उठता येईना, पायाला मुंग्या आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ईराने सांगितलं ते तसंच लिहिते. शनिवारी दुपारी ती एका घळीत घसरली. पाय मोडला, फोन फुटला. पडलेल्या झाडाच्या बुंध्याखाली सरकून, अंगावर चंदेरी कागदाचं पातळ ब्लँकेट घेऊन पडून राहिली. शिट्टी होती, पण बॅगेच्या झिपच्या कप्प्यात, आणि रविवार संध्याकाळपासून बोटं वळत नव्हती. माणसांचे आवाज दोनदा ऐकू आले, हिचा आवाज बाहेर फुटेना.

"मग सोमवारी मला गरम व्हायला लागलं. मावशी, मला माहितीये, थंडीने मरायला लागलं की माणसाला खोटंच गरम वाटतं, लोक कपडे काढतात. मला ते आठवलं, म्हणून मी एक बटणसुद्धा काढलं नाही. म्हटलं, संपलं. पण ते खोटं नव्हतं गं. पोटाकडून आलं, सावकाश. आणि माझी बोटं हलायला लागली. झिप उघडली मी."

पथकातली माणसं पलीकडच्या धारेवरून खाली परतत होती. त्यांनी शिट्टी ऐकली.

"किती वाजता?" मी विचारलं.

"झिप उघडल्यावर घड्याळ बघितलं. दोन वाजून गेले होते."

बरणीचं मी तिला तोवर काहीही सांगितलेलं नव्हतं.

पुढचं माझ्या स्वभावाप्रमाणे केलं. बिल्डिंगच्या मेंटेनन्सवाल्याला बोलावून कपाटाची भिंत तपासली. गरम पाण्याचा पाइप नाही, वायर नाही. ईराच्या प्राध्यापकांना विचारलं. यीस्ट काम करताना थोडी ऊब देतं, पण एका गॅलनला चार-पाच अंश, आणि काम संपल्यावर तेवढीही नाही. तशाच बरणीत ९८ अंशांचं पाणी भरून त्याच कपाटात ठेवून पाहिलं. रात्रीच्या जेवणापर्यंत गार. माझी बरणी रविवारचा अख्खा दिवस आणि रात्र तशी कशी राहिली, आणि मुळात तापली कशाने, याचं उत्तर कुणाकडे नाही. माझ्याकडेही नाही. तक्ता जपून ठेवलाय, आकडे खरे आहेत, एवढंच सांगू शकते.

बिअरच्या दहा बाटल्या झाल्या. ताईला सगळं कळलंच होतं. म्हणाली, "पोर वाचली म्हणून सोडून देते, नाहीतर दोघींना बघितलं असतं." मग हळूच, "कशी लागते गं?"

आता एप्रिल आहे. गेल्या शनिवारी ईराने दुसरी बरणी लावली. यीस्टची ट्यूब फ्रिजमधून काढली, माझ्याकडे पाहिलं आणि स्वेटरच्या आत ठेवली. टेबलावर ठेव, असं मी या वेळी म्हणाले नाही.

बरणी कपाटात आहे. आज सकाळी ६६. येत्या शनिवारी तिला पुन्हा डोंगरावर जायचंय, मैत्रिणींबरोबर, शिट्टी गळ्यात अडकवून. डॉक्टरांनी परवानगी दिलीय. मला तिने विचारलेलं नाही.

प्रोबमध्ये नवीन सेल घातलाय. शाल धुऊन कपाटातच ठेवलीय.