नारू शोधायला मी साहेबांना मजुरांच्या वस्तीत नेलं

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर मी रोज गावाच्या बातम्या लिहितो. आज माझीच लिहून राहिलो.

सकाळी सौंसरहून आरोग्य खात्याचे साहेब नारूचे रोगी शोधायला आले. पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा निघतो, तो नारू. मी दारातच म्हटलं, "आमच्या मोहल्ल्यात असलं काही नाही जी. पुलाच्या कामावर राजस्थानचे मजूर आहेत, त्यांचे पाय पाहा." आणि मोठ्या ऐटीत मीच त्यांना तिकडे घेऊन गेलो.

झोपड्यांतल्या बायामाणसांना मी ओरडून पाय पुढे करायला लावले. एकाच्याही पायात नारू नव्हता.

परतताना साहेब आमच्याकडे चहाला थांबले. ओसरीवर माझा थोरला भाऊ पायाला चिंधी बांधून बसला होता. "काटा रुतला जी," तो म्हणाला. साहेबांनी चिंधी सोडली. जखमेतून पांढरा दोरा लोंबत होता.

"पाणी कुठलं भरता?"

"मोहल्ल्याच्या पायऱ्यांच्या विहिरीचं. आत उतरून," भाऊ म्हणाला.

"म्हणजे नारूचा पाय त्यात बुडतो, अन् तेच पाणी सारे पिऊन राहिले. मजूर कुठलं पितात?"

"नदीचं," मी सांगितलं. विहीर बाटेल म्हणून आपणच त्यांना पायरीवर पाय ठेवू देत नाही. ते नदीच्या रेतीत झिरा खोदून पाणी भरतात.

विहीर आजपासून बंद. उद्या घागरी घेऊन आपल्याला त्याच झिऱ्यावर जायचं आहे. त्यांनी "दूर व्हा" म्हटलं, तर मी कोणत्या तोंडाने बोलू?