भिगवणच्या दारातला गुलाब

काटेवाडीच्या दगडाबाईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं आणि उरलेलं गुलाबांमागं. कॅनॉलचं पाणी आलं, चराईची रानं उसाखाली गेली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, म्हस्कूनं, कळप मोडला. दगडाबाई रस्त्याकडेच्या रोपवाटिकेत कामाला लागली. तिथल्या अप्पा माळ्यानं तिला छाटणी शिकवली, रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, भरायला शिकवलं. ते काम तिच्या हातात असं बसलं, की मोठ्या मागणीची कलमं अप्पा तिच्याकडंच सोपवायचा.

तिची एकुलती लेक मनिषा. भिगवणला सासरी निघाली तेव्हा आईनं तिच्यासाठी कलम बांधलेला गर्द लाल गुलाब तिनं तेलाच्या डब्यातून बरोबर नेला. जावई सावळाराम मासळीचा टेम्पो चालवायचा. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी घर होतं, परसात गुलाब चांगला माजला. माहेरी येताना मनिषा त्याचं फूल पदरात गुंडाळून आणायची. येईपर्यंत ते चुरगळून जायचं, तरी आणायची.

चौऱ्याण्णव सालच्या पावसाळ्यात मनिषाला कावीळ झाली आणि त्यातच ती गेली.

दिवसपाणी उरकून दगडाबाई कामावर परतली, पण डोळे भरायचा चाकू काही तिनं हातात घेतला नाही. पिशव्यांत माती भरायची, पाणी घालायची. छाटणीचे दिवस आले, की लांबच्या वाफ्यात तण काढत बसायची. अप्पानं एका शब्दानं तिला विचारलं नाही.

वर्ष सरलं आणि सावळारामनं दुसरं लग्न केलं. मुलगी इंदापूरकडची, आईबापाविना मामाकडं वाढलेली. नाव नकोशी. लग्नाचं आवतण आलं होतं, दगडाबाई गेली नाही.

शहाण्णवची संक्रांत झाली, थंडी उतरणीला लागली. बारामतीच्या बाजारात मासळी विकणारी छबूबाई भिगवणची. तिनं दगडाबाईला हाक मारून थांबवलं.

“सावळारामाची बायकू म्हनती, मनिषाताईच्या गुलाबाला फूल येईना. एकडाव येऊन बघा म्हनती.”

“तिला काय करायचंय माझ्या लेकीच्या झाडाशी?” दगडाबाई म्हणाली. “वाळलं तर वाळू दे.”

घरी जेवताना तिनं म्हस्कूला हे सांगितलं, ते रागानंच. म्हस्कू भाकरी मोडत म्हणाला, “तू जाऊन ये. झाडानं काय केलंय आपलं?”

सकाळी ती रोपवाटिकेत गेली आणि अप्पापुढं हात केला. अप्पानं चाकू आणि कात्री काढून दिली. ती पिशवीत टाकून तिनं भिगवणची एसटी धरली. त्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं तिनं वाटेत ठरवून टाकलं होतं.

दारात नकोशी उभी होती. हडकुळी, अजून पोरच. मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात चांदीचा लहानसा टाक लोंबत होता. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीच्या नावाचा घालायचा, तो. दगडाबाईची नजर त्याच्यावर खिळली. नकोशी पाया पडली आणि तिला सरळ परसात घेऊन गेली.

गुलाब माणूसभर उंच झाला होता. आळं स्वच्छ होतं, चुलीतली राख घातलेली होती. हिरव्यागार फांद्या कुडावर पसरल्या होत्या आणि सगळ्या झाडावर एक कळी नव्हती.

“लई पानी घातलं, मावशी. मासळी धुतलेलं बी घातलं. नुसतंच वाढतंय.” मग नकोशीनं आवाज खाली आणला. “आळीतल्या बाया म्हनत्यात, ताईचा जीव माझ्यावर रुसलाय. म्हनून झाडाला फूल न्हाय, आन माझी कूस बी...”



दगडाबाई खाली बसली. फांद्या बाजूला सारत बुंध्यापर्यंत पोचली आणि बोटानं साल चाचपत राहिली.

“कुनी रुसलं न्हाय,” ती शेवटी म्हणाली. “हितं बघ. ही समदी रानगुलाबाची फूट हाय, कलमाच्या जोडाच्या खालनं आलेली. तू घातलेलं पानी हिनंच पिलं. माझ्या लेकीचा गुलाब एवढाच ऱ्हायलाय.”

बोटाएवढी एकच काटकी होती. करड्या सालीवर तीन तांबूस डोळे अजून जिवंत होते.

“म्हंजी माझ्याच हातनं मेला व्हय त्यो?”

“तुला कुठं ठावं हुतं?” दगडाबाईनं कात्री काढली. “आन मनिषा कुनावर रुसनारी न्हवती. दादल्याशी भांडली तरी सांजच्याला हसायची. तुझ्यावर कशाला रुसंल?”

लेक गेल्यापासून तिचं नाव तिनं कुणापाशी काढलं नव्हतं. ते असं परक्या परसात, या पोरीपुढं निघालं.

हिरव्या फांद्या एकेक करून खाली पडू लागल्या तशी नकोशीनं तोंडाला पदर लावला. रानगुलाबाचे दोनच जोमदार फुटवे दगडाबाईनं ठेवले. मग चाकू घेतला. पहिला डोळा काढताना चाकू घसरला, साल फाटली आणि डोळा मातीत गेला. ती तशीच बसून राहिली. नकोशी पुढं झाली आणि फुटवा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. दगडाबाईनं सालीला उभी-आडवी चीर दिली, दुसरा डोळा आत सरकवला, प्लास्टिकच्या पट्टीनं बांधला. तिसराही तसाच दुसऱ्या फुटव्यावर बसवला.

“हिरवा ऱ्हायला तर जगला, काळा पडला तर गेला. छबूबाईपाशी सांगावा धाड.”

नकोशीनं भाकरी वाढली. दगडाबाई जेवली.

शिवरात्रीपर्यंत ती जुनी काटकी वाळून गेली. एक डोळा काळा पडला. दुसरा हिरवा राहिला. छबूबाईनं बाजारात ते सांगितलं, आणि त्याच आठवड्यात दगडाबाई रोपवाटिकेत पुन्हा चाकू घेऊन खुंटांच्या रांगेत बसली. चैत्रात ती स्वतः भिगवणला जाऊन डोळ्याच्या वरचा रानटी शेंडा कापून आली. श्रावणात त्या डोळ्यातून फुटलेल्या फांदीला गर्द लाल फूल आलं.

पुढच्या वर्षी नकोशीला दिवस गेले. मामानं बाळंतपणाला न्यायचं नाव काढलं नाही, तेव्हा म्हस्कू जाऊन तिला काटेवाडीला घेऊन आला. कळा लांबल्या. बारामतीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात दगडाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती, आणि लेक गेल्यापासून ज्या देवाशी तिनं बोलणं टाकलं होतं त्याच्या विनवण्या करत होती. उजाडता मुलगी झाली. दोघीही सुखरूप.

“मावशी, हिला मनिषा म्हनू?” नकोशीनं विचारलं.

दगडाबाईनं लेकरू पदरात घेतलं. “नगं, बाय. तिचं नाव तिचं तिलाच ऱ्हाऊ दे. तिच्या वाट्याचं काई हिच्या डोक्यावर नगं.”

बारशाला सावळारामच्या बहिणीनं संस्कृती असं नव्या धाटणीचं नाव काढलं. दगडाबाईला ते कधी नीट उच्चारता आलं नाही. ती तिला छकुली म्हणायची.