आक्काचा उपास आणि वाघाटी

कुंडलच्या पायगोंडाला गाव 'मांजरपाटील' म्हणतं. म्हणेना का! स्वतःच्या उसाला पाणी द्यायचं राहिलं तरी हा गडी मोटारसायकल काढून दुसऱ्याच्या फडात हजर. उसात वाघाटीची, म्हणजे ठिपक्याच्या रानमांजराची, पिल्लं सापडली की लोक बिबट्याची समजून बोंब ठोकतात. वाघाटी तर घरच्या मांजरापेक्षाही लहान, आणि आता फारशी उरलेलीही नाही. "हात लावू नका, आई येती," एवढं एकच पायगोंडा गावोगाव सांगत फिरतो.

आणि त्याच्याच घरात आक्रीत घडलं. तो असल्याच कामाला मलकापूरला गेला होता. इकडं त्याचाच ऊस तोडताना टोळीला दोन पिल्लं दिसली. त्याची आई सुंदराक्का म्हणजे मुंगी पायाखाली आली तरी हळहळणारी बाई. तिनं पिल्लं पदरात घालून थेट घरी आणली आणि पाटीत ठेवली.

पायगोंडानं घरात येऊन पाटीत बघितलं.

"आक्का, काय केलंस गं हे?"

"ऊन लय हुतं रं. मरू द्यायची व्हय?"

"आता त्यांची आई आली न्हाई तर जलमभर पिंजऱ्यात राहतील ती!"

म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. पायगोंडाला आपल्याच जिभेचा राग आला, पण बोलून तर बसला होता. त्यानं पिल्लं होती तिथं नेऊन ठेवली, भोवतीचा ऊस उभा ठेवायला लावला आणि समोर कॅमेरा बांधला.

जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवायचं. आक्का ताटाजवळ फिरकलीच नाही. "त्यांची गाठ पडल्याबिगर मला घास उतरायचा न्हाई," म्हणाली. दिवस मावळला तसं सुनेनं मुकाट्यानं ताट उचललं.

सकाळी पायगोंडा फडातून पळतच आला. "आक्का, आली गं आली! दोन्ही नेली!"

फोनवर वाघाटी पिल्लांकडं येताना दिसत होती. "माझी बाई गं ती!" आक्कानं डोळे पुसले. मग फोन जवळ धरला. "तोंडात काय हाय रं तिच्या?"

पायगोंडा घुटमळला. "उंदीर. पिल्लांसाठी आणलाय."

"उपाशी हुती लेकरं," आक्का म्हणाली. "पर त्येलाबी जीव हुताच की."

सुनेनं ताट आणून ठेवलं. आक्कानं आधी त्या उंदरासाठी णमोकार मंत्र म्हटला, मग जेवली.