चपलांचा पट

माझ्या साडूंनी ज्याच्याकडे एक तास मागितला नाही, असा माणूस पनवेलमध्ये सापडणं कठीण. पैसे त्यांनी कुणाकडे मागितले नाहीत. कुणी देऊ केलेच तर ते विंचू दिसल्यासारखे हात मागे घेत. त्यांना हवा असे आठवड्यातला एक तास, हायवेच्या कडेला असलेल्या एका मराठी शाळेसाठी. न्हाव्याचा वस्तरा गळ्यावर फिरत असतानाही ते विचारत, "मग, पोरांचे केस कापायला मंगळवारी येताय ना?" तो न्हावी मला पुढे म्हणाला, "साहेब, वस्तरा माझ्या हातात होता, पण घाम मलाच फुटला." दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी आ वासलेल्या अवस्थेत, नुसत्या हातवाऱ्यांनी तयार केलं. घरच्या लग्नात ते व्याह्यांना सोडून बँडवाल्याच्या मागे होते, आणि पुढच्या सोमवारी तो बँडवाला मुलांना ताल शिकवत होता.

साडूंना मूलबाळ नव्हतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर ते सकाळी फिरायला निघाले, वाटेत ही शाळा लागली आणि त्यांचं फिरणं तिथेच संपलं. "शहर वाढतंय म्हणतात, साडूभाऊ," ते मला म्हणत, "मग या पोरांनीच तेवढं होतं तिथं का राहायचं?" यावर मी मान डोलवून पुस्तकात डोकं घाली. माझ्यासाठी त्यांनी गुरुवारचा तिसरा तास राखून ठेवला होता, गोष्टी सांगायला. मला पुस्तकांतलं कळतं, मुलांतलं नाही, असं सांगून मी तो दर आठवड्याला पुढे ढकलत असे.

हजेरीपटावर त्यांचा विश्वास नव्हता. वर्गात डोकावलं की मुलं बावरतात, म्हणून ते दाराबाहेर उभे राहून चपलांचे जोड मोजत. "पट खोटं बोलेल, चपला बोलत नाहीत," हा त्यांचा सिद्धांत. एकदा त्यांनी मोठ्या आवाजात बाईंना सुनावलं, "आज नऊजण गैरहजर!" बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, जरा आत या." आत मागच्या रांगेत कातकरी वाडीवरची नऊ मुलं बसली होती. "यांना चपलाच नाहीत, काका. दिवाळी झाली की ही आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातील. मग पट घसरेल आणि आपली शाळा हायवेपलीकडच्या शाळेत घालतील. तो रस्ता ही लहानगी कशी ओलांडणार?"

त्या दिवशी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "साडूभाऊ, मी तीन महिने चुकीचं मोजत होतो."

चपलांचा प्रश्न बाजारातल्या चांभाराने दोन तासांत सोडवला. भट्टीचा प्रश्न तसा सुटण्यातला नव्हता. मुलांनी मागे राहायचं तर ते कुणाच्या तरी घरी, म्हणजे शेजारच्या गावातच. पण पालकसभेला गावातून जेमतेम तीन माणसं येत. मग साडूंनी रीतसर पत्रिका छापली आणि घरोघर उंबऱ्यावर हळदीच्या अक्षता ठेवून आमंत्रण केलं. अक्षता आल्यावर न जाणं आपल्याकडे कुणाला जमतं? सगळं गाव ठेवणीतल्या कपड्यांत, आहेराची भांडी घेऊन शाळेत हजर झालं. पत्रिका कुणी वाचलीच नव्हती.

मासळी विकणारी एक मावशी गजरा माळून सगळ्यांत पुढे होती. "नवरा-नवरी कुठं हाईत?" तिने विचारलं.

"लग्न नाही, मावशी. पाच महिन्यांसाठी घर हवंय. या मुलांना." साडूंनी मागच्या रांगेकडे बोट दाखवलं.

वाडीवरचं मूल गावाच्या स्वयंपाकघरात शिरण्याची रीत नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीतरी हळूच उठलंही.

"अक्षता टाकून फसवलंव की वो आमाला!" मावशी कडाडली.

"फसवलं," साडू हात जोडून म्हणाले.

"मंग आता रिकामी कशी जाऊ? लोक काय बोलतील?" तिने हातातलं पातेलं दोन मुलींपुढे आदळलं. "चला ग. पन माज्या घरी सकाली उठाया लागंल, सांगून ठेवते."

त्यानंतर आणखी पाच मुलांना घरं मिळाली. दोघं भट्टीवर गेलीच. त्यांची नावं साडू अधूनमधून नुसतीच उच्चारत. एका मुलीची आई म्हणाली, "आमाला पोर दिसाया तरी पायजे." म्हणून एक रिक्षावाला दर रविवारी आपला तास देऊन मुलांना भट्टीवर भेटवून आणू लागला. शाळा जागेवर राहिली.

या श्रावणात साडू गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यांच्या वहीत माणसांची नावं होती आणि प्रत्येकापुढे त्याचा वार. माझ्या नावापुढे 'गुरुवार' आणि कंसात 'येतील'.

दिवाळी झाली. भट्टीचा ट्रक वाडीवर येऊन गेल्याचं कळलं, आणि त्या गुरुवारी मी पहिल्यांदा शाळेत गेलो. या वर्षी कुणी अक्षता ठेवल्या नव्हत्या. कोण राहिलं असेल, कुणास ठाऊक. आत डोकावायचा धीर होईना, म्हणून दाराबाहेर चपला मोजल्या. बाईंना आकडा सांगितला. त्यांनी पट पाहिला आणि म्हणाल्या, "बरोबर. गेल्या वर्षीच्या त्या दोघांसकट."

मी चपला काढून त्या ओळीच्या टोकाला ठेवल्या. दारातली एक मुलगी त्यांच्याकडे बघून आत ओरडली, "बाई, गुरुवारवाले काका आले! आपले काका बोलायचे ना, उशिरा येतील पन येतील."