गोठ्यात मावेल असा लोडर

नोव्हेंबरात मी साताऱ्याला गेलो तो हयातीचा दाखला द्यायला. पेन्शन घेणाऱ्याला आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सिद्ध करावं लागतं. यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि यंत्रानं ओळखलं की आपण आहोत. यंदा त्यानं तीन वेळा मला नाकारलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "काका, शेणामातीचं काम करता का? रेषा झिजल्यात." माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात, दुसऱ्यांनी घेतलेली मोजमापं तपासण्यात गेली. त्या कामात रेषा झिजत नाहीत. पण आषाढापासून मी खरोखरच शेण उचलत होतो. चौथ्या वेळी यंत्राला मी पटलो. मला विचारलं असतं तर मी इतक्या लवकर कबूल झालो नसतो.

बायको आषाढात गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी ती नाही. लोक भेटायला आले, माझ्या तोंडाकडे बघत बसले आणि चहा पिऊन गेले. मी रडेन म्हणून थांबलेल्यांची निराशा झाली असणार. मला काही होत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, तेव्हा गाल जसा दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं अंग वाटत होतं. आणि तो असर काही उतरेना.

घर आमचं कवठे महांकाळजवळच्या गावात. मी साताऱ्याला नोकरीला, शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी, रविवारी परत. मागं एक एकर द्राक्षबाग आणि चार म्हशी होत्या. निवृत्त झाल्यावर मी छोटा ट्रॅक्टर घेतला, द्राक्षाच्या दोन ओळींमधून जाणारा. गावात त्याला खेळणं म्हणतात. पुढची दोन वर्षं मी त्या खेळण्यावर बसून स्वतःला शेतकरी समजत होतो आणि ती म्हशींचं बघत होती. 'म्हशींचं बघणं' हा शब्द माझा. त्यात काय काय येतं, ते ती गेल्यावर कळलं.

धारा काढायला शेजारीण येऊ लागली. शेणाला कुणी येईना. ती रोज पहाटे गोठ्यातून उकिरड्यापर्यंत शेणाच्या बुट्ट्या डोक्यावरून वाहायची. मला डोक्यावर घेणं जमलं नाही, मान डुगडुगायची. मी बुट्टी पोटाशी धरून, दोन्ही हातांनी, सत्यनारायणाचा प्रसाद नेल्यासारखा न्यायचो. तिसऱ्या आठवड्यात पाठ धरली. हातगाडा आणून बघितला. उकिरडा चढावर आहे आणि मध्ये खडक. गाडा तिथं अडला की शेणासकट मागं यायचा. डॉक्टरनं पट्टा दिला आणि वजन उचलायचं नाही असं सांगितलं, पण म्हशींना हे कुणी सांगितलं नाही.

दसऱ्यानंतर मेहुणा आला. तिचा धाकटा भाऊ, शेजारच्या गावात मेंढरं आणि थोडी शेती. उंच गडी, पटका बांधला की दारात मावत नाही. आमची पहिली म्हैस त्याच्याच घरून, बायकोच्या पाठोपाठ चालत आलेली. आज दावणीला आहेत त्या तिच्याच लेकी-नाती. तो गोठ्यात गेला, चारी म्हशींच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर येऊन उकिडवा बसला.

"दाजी, तुमच्यानं हुयाचं न्हाई ह्ये."

"होतंय की."

"काय व्हतंय? म्हशीच्या गुडघ्याला श्याण वाळलंय. बायनं आसं कवा ठिवलं व्हतं का?"

मी कमरेचा पट्टा आवळला.

"मी न्हेतो चारीबी. इकायला न्हाई न्हेत, माज्या दावणीला बांदतो. तुमी कवाबी या, बगा."

"म्हशी इथंच राहतील."

"कुनी करायचं त्येंचं? तुमचा त्यो पट्टा करनार हाय?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "संक्रातीपतोर बगतो. तवर काय केलंसा तर केलंसा. न्हाईतर टेंपो घिऊन येतो. राग मानू नगा."

राग आला असता तर बरं वाटलं असतं. माझ्या लक्षात एवढंच आलं की त्या चार म्हशी गेल्या तर त्या घरात सकाळी उठायचं काही कारण उरणार नाही. हेही दुःखानं नाही, हिशोब तपासावा तसं लक्षात आलं. ट्रॅक्टरच्या पुढं लोडर लावायचं तेव्हाच ठरवलं. दोन बाहू आणि पुढं बकेट. बकेट शेणाखाली घालायची, उचलायची, उकिरड्यावर ओतायची. पाठीचा संबंध नाही.

म्हणून दाखला दिल्यावर साताऱ्यातच एका शोरूममध्ये गेलो. आत एका जोडप्याला ट्रॅक्टर देण्याचा सोहळा चालला होता. नवऱ्याला फेटा, बायकोला शाल, दोघांच्या हातात माणसाएवढी पुठ्ठ्याची चावी. फोटो काढणारा ओरडत होता, "हसा, हसा, मालक हसा!" मालक हसायचा प्रयत्न करत होता आणि त्याच्या बायकोची नजर सारखी टायरकडे जात होती. त्या खोलीत टायर बघणारी ती एकटीच होती.

विक्रेता माझ्याजवळ आला. त्यानं मला सरळ सर्वांत मोठ्या लोडरपाशी नेलं.

"काका, हे अवजार नाही, ही प्रतिष्ठा आहे. बांधावर उभं केलं की लोकं विचारतील, कुणाचं?"

"मला गोठ्यातलं शेण काढायचं आहे."

त्याचा चेहरा जरा पडला, पण तो लगेच सावरला. "शेणसुद्धा निघेल. एकावेळी पाचशे किलो. म्हशी किती आपल्या?"

"चार."

"चार..." त्यानं 'शे' येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. मग त्यानं चकचकीत माहितीपत्रकं दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला.

ती माहितीपत्रकं मी एसटीत वाचली, घरी आठ दिवस वाचली. मला वाचायची सवय, आणि वाचताना विचार करावा लागत नाही. किती उचलतं, किती उंच उचलतं, हायड्रॉलिकचा दाब किती. मग टेप घेऊन गोठ्याच्या दाराची रुंदी मोजली. सहा फूट. खात्री म्हणून तीनदा मोजली, वहीत लिहिली, खाली रेघ मारली. तीस वर्षांची सवय ती.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एक वर्कशॉपवाला छोट्या ट्रॅक्टरला बेतून लोडर करून देतो, असं बागेच्या औषधाच्या दुकानात कळलं. मी निघालो तेव्हा मेहुणा आला होता. तोही मोटारसायकलवर मागं बसला. माझी फजिती स्वतःच्या डोळ्यांनी बघावी असा त्याचा हेतू असावा, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

वर्कशॉप म्हणजे एक शेड, दोन वेल्डिंग मशीन आणि तेलकट बनियनमधला मालक. पन्नाशीचा. त्यानं माहितीपत्रकांकडं पाहिलंही नाही. ती बाजूला सारून त्यावर चहाचा कप ठेवला.

"ट्रॅक्टर कुठला?" सांगितलं.

"पुढच्या चाकाला ताकद हाय का?" आहे म्हणालो.

"मग बकेट लय मोठी नगं. ओलं श्याण जड असतंय. पुढं वजन आलं की मागची चाकं उचलत्यात. मागं वजन बांधावं लागंल. रोज किती निघतंय?"

"किती म्हणजे?"

"म्हणजे किती बुट्ट्या?"

"बावीस," मी म्हणालो. हे मात्र मी मोजलं होतं. पोटाशी धरून.

"मग तीन खेपांत काम. बकेट साडेचार फुटाची. टायरापेक्षा जरा रुंद, म्हंजी टायर शेणातनं जात न्हाई. दोन पिनांवर निघंल अशी करतो, बागेत जाताना काढून ठिवायची. गोठ्याचं दार?"

"सहा फूट." मी वही उघडून दाखवली.

"रुंदी ही. उंची?"

मी वहीकडं पाहिलं. वहीत उंची नव्हती. दुसऱ्याच्या वहीत ही चूक दिसती तर मी लाल पेन्सिलीनं गोल केला असता आणि माणसाला दोन दिवस ताटकळत ठेवलं असतं.

"साडेपाच फूट," मेहुणा मागून म्हणाला. "बोटभर कमीच आसंल."

मालकानं मान हलवली. "ट्रॅक्टर जाईल मग. तुमी जानार न्हाई."

मला ती उंची माहीत असायला हवी होती. दारावरच्या त्या लोखंडी अँगलला माझं कपाळ किती वेळा लागलं असेल! गोठ्याचं तोंड मावळतीला, म्हणून वरून पत्र्याची झालर सोडून खाली अँगल ठोकलेला. इतका खाली का, हे मी कधी विचारलं नव्हतं. गोठा बांधला तेव्हा मी साताऱ्यात होतो.

मेहुण्यानं मालकालाच सांगितलं, माझ्याकडं न बघता. "गवंड्यानं इचारलं, पट्टी कुठं मारू? बाय म्हनली, थांब. भरली बुट्टी डोक्यावर घितली आन् दारात हुबी ऱ्हायली. म्हनली, हितं मार. माज्यावर ऊन येत न्हाई आन् बुट्टी घासत न्हाई. मी खडूनं रेघ वडली."

मालक हसला. "बाईमानूस हुशार. आता काय करायचं? एक तर लोडर दाराशी थांबवा, श्याण फावड्यानं वडून भाईर आना आन् तितनं उचला. पर तुमची पाठ बगता त्ये व्हायचं न्हाई. न्हाईतर अँगल कापून दीड फूट वर घ्या. अर्ध्या दिवसाचं काम. माझा मानूस गॅस घिऊन येईल."

"अँगल कापायचा न्हाई," मेहुणा म्हणाला.

"आरं पर..."

"न्हाई म्हंजी न्हाई. दाजी, म्हशी मी न्हेतो, तुमी लोडर घिऊच नगा. त्ये तेवडं ऱ्हाऊ द्या. तिच्या डोस्क्याचं माप हाय त्ये."

शेडमध्ये कुणीतरी ग्राइंडर चालू केला, त्यामुळं बराच वेळ कुणाला बोलता आलं नाही. मी त्या वेळात काहीतरी वाटायची वाट पाहिली. तिच्या भावाला वाटत होतं, त्याचे डोळे दिसत होते. मला बुट्टी दिसली, दार दिसलं, खडू दिसला. तिचा चेहरा त्या बुट्टीखाली आणायचा प्रयत्न केला तर रविवारी दुपारी एसटीला जाताना दिसायचा तेवढाच, लांबून, लहान. मी बघितलेलं माझ्याजवळ एवढंच होतं. माप त्याच्याजवळ होतं.

ग्राइंडर थांबला.

"तिनं माप कशासाठी दिलं?" मी त्याला विचारलं.

"कशासाठी म्हंजी?"

"म्हशींचं करता यावं म्हणून. म्हशी तुझ्याकडं पाठवून मी नुसता अँगल ठेवला, तर ती मला काय म्हणंल?"

त्यानं पटका सारखा केला. "येडं म्हनंल," म्हणाला. आणि मग, "मलाबी म्हनंल."

मालकाला सांगितलं, साडेचार फुटांची बकेट, पिनांवर निघणारी, मागं वजन. अँगल कापायला माणूस पाठवा.

माणूस डिसेंबरात आला. मेहुणा बोलावलं नसताना आला. गॅसच्या ज्योतीनं अँगल दोन्ही टोकांना सुटला तेव्हा खाली तो त्यानंच धरला होता, हाताला गोणपाट गुंडाळून. निवल्यावर त्यानं तो खांद्यावर टाकला आणि नेतो म्हणाला. काय करणार, हे मी विचारलं नाही. पत्र्याची झालर तेवढी कापली आणि नवा अँगल सात फुटांवर बसला. त्यावर कुणाचं माप नाही.

लोडर आला, त्याला नारळ फोडला नाही, चावी घेऊन फोटो काढला नाही. पहिल्या दिवशी मी लिव्हर उलटा ओढून गव्हाणीचा कोपरा पाडला. चौथ्या दिवसापासून जमू लागलं. तीन खेपा, वीस मिनिटं. बावीस बुट्ट्यांना तिला किती वेळ लागायचा, मला माहीत नाही. मी तेव्हा झोपलेला असायचो. म्हशी पहिल्या सकाळी ट्रॅक्टरला बुजल्या, दुसऱ्या दिवशी रवंथ करत बघत बसल्या. त्यांच्या गुडघ्यांना आता शेण नसतं.

संक्रांतीला मेहुणा आला. टेंपो नव्हता, तिळगुळाचा डबा होता. तो थेट गोठ्याकडं गेला, मी मागून. दाराशी मी वाकलो. मी अजून रोज वाकतो. लोडरवर बसूनसुद्धा मान खाली जाते, डोक्यावर वीतभर मोकळी जागा असताना. ती सवय जाईल अशी माझी समजूत आहे.

माझ्यापुढं मेहुणा पटक्यासकट वाकून आत गेला होता. आत जाऊन त्यानं मागं वळून वर अँगलकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यानं थोरल्या म्हशीच्या गुडघ्यावरून हात फिरवला, हात बघितला आणि धोतराला पुसायची गरज पडली नाही.

"बकेट जरा वाकडी झालीया की वो," तो म्हणाला.

"गव्हाणीला लागली."

"बगून चालवा," म्हणाला आणि तिळगुळाचा डबा उघडला.