समैस्माच्या किनाऱ्यावर बसलेले सुधाकरभाऊ

सुधाकरभाऊंना जाऊन आज वर्ष झालं. आणि हे वर्षभर मी त्यांच्या बायकोशी खोटं बोलत होते.

आज सांगून टाकते.

भाऊ वेंगुर्ल्याकडचे. इथे दोह्यात एसी टेक्निशियन.

मदिनत खलीफाच्या आमच्या घरी एसी दुरुस्त करायला आले आणि टेबलावरचं माझं वॉटरकलर बघून शिडीवरूनच म्हणाले, "ताई, पाणी जास्त झाला."

मला असा राग आला! ऑनलाइन क्लास, महागाचे ब्रश, इंपोर्टेड कागद. हे कोण मला शिकवणारे?

खाली उतरून त्यांनी टिश्यूने दोन ठिकाणी पाणी टिपलं. माझ्या कागदावर ढग आले.

तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी समैस्माचा बीच. मी, भाऊ आणि माझा नवरा. नवरा गाडीत एसी लावून झोपायचा आणि त्याला आउटिंग म्हणायचा.

भाऊंकडे शाळकरी पोरांचा बारा रंगांचा डबा. आणि बाटलीत एसीचं ठिबकलेलं पाणी. "ह्या पाण्याचो डाग पडना नाय," म्हणायचे. नळाचं पाणी चित्राला कधी लावलं नाही त्यांनी.

आता मुद्द्याचं.

भाऊ माणसं रंगवत नसत.

समुद्र, होड्या, व्हिला, खजूर, सगळं असायचं. माणूस आला की तिथे त्याच्या आकाराचा कोरा कागद सोडून द्यायचे. रूममेट्स मागे लागले, आमचं चित्र काढा. काढलं. बंक बेड, दोरीवरचे कपडे, कुकर, आणि मधे सहा पांढरे आकार.

मी विचारलं, हे काय भाऊ?

"माणूस रंगवलो की तो थंयच रवता, ताई. आणि हंयसर कायमचो रवाक कोण इलो हा?"

रंगवलेला माणूस तिथेच राहतो, आणि इथे कायमचं राहायला कोण आलंय? मी हसले. तुम्ही इमिग्रेशनमध्ये हवे होतात म्हटलं.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे त्यांच्या बिल्डिंगखाली हॉर्न दिला. भाऊ आले नाहीत. रूममेट आला, चप्पल न घालता. झोपेतच गेले होते.

कागदपत्रं होऊन बॉडी गावी गेली, सोबत चित्रांची फाईल.

दहाव्याला शैलावहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. दुपार टळली तरी पिंडाला कावळा शिवला नव्हता. काय काय कबूल करून झालं, मुलीचं लग्न, घराचं काम. कावळे समोर माडावर बसून होते. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला.

"तेंचा काय रवला थंय, ताई?"

मी म्हटलं, इथे त्यांचं काहीच राहिलं नाही वहिनी.

पुढच्या आठवड्यात रूममेटने एक कागद आणून दिला. "मॅडम, गद्दे के नीचे था. थोड़ा गीला है."

मी क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते, मला कारणं लगेच सुचतात. एसीचं पाणी ठिबकलं असेल.

मग कागद उलटा केला.

समैस्माच होतं, पण समुद्रातून पाहिलेलं. समोर किनारा, मागे व्हिला, आमची गाडी, माझ्या छत्रीखाली माझा पांढरा आकार. आणि शेजारी फोल्डिंग स्टुलावर भाऊ. रंगवलेले. निळा युनिफॉर्म, करडे केस, मांडीवर पॅड, नजर थेट समोर.

भाऊ कधी पाण्यात उतरले नाहीत. पाय ओले झालेले त्यांना खपायचे नाहीत. ओहोटीला तिथे लांबवर चालत जाता येतं, मान्य. पण दर शुक्रवारी मी शेजारी बसलेली असायचे. ते उठलेले मी पाहिलेच नाहीत.

वहिनींना फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"ताई, तेंका थंय बसवन ठेवू नकात. चित्र पाण्यात सोडा. तेंका घराक येवंदेत."

मी हो म्हटलं. आणि सोडलं नाही.

कारण ते त्यांचं सगळ्यात सुंदर चित्र होतं. इतकं सोपं आहे. फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, वॉव. वहिनींना सांगितलं, सोडलं.

दर महिन्याला त्यांचा फोन यायचा. दर वेळी तेच वाक्य. "ताई, ते अजून येवक नाय."

मी म्हणायचे, मन शांत ठेवा वहिनी. काय तोंड होतं माझं!

गेल्या आठवड्यात माझी नऊ वर्षांची लेक जेवताना भिंतीकडे बघून म्हणाली, "आई, व्हाय इज ही स्टिल वेटिंग?"

मी उठून कॅलेंडरमध्ये तिथी बघितली.

आज तिथीने वर्षश्राद्ध. मी रजा टाकली, फ्रेम उघडली, एकटीच समैस्माला गेले. गुडघाभर पाण्यात जाऊन कागद पाण्यावर ठेवला.

वाटलं होतं सगळेच रंग एकदम सुटतील. नाही. व्हिला राहिले, गाडी राहिली, समुद्र राहिला.

आधी भाऊ गेले. निळा युनिफॉर्म पाण्यात पसरला, मग केस, मग चेहरा. स्टुलावर कोरा कागद राहिला.

मग कागदही लाटेने नेला. मी बराच वेळ तिथेच उभी होते. मागे वळून किनाऱ्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

गाडीत येऊन बसते तोच फोन. शैलावहिनी. मागे माणसांचा गलका, भांड्यांचे आवाज. मी आज काय केलं हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"ताई, पान ठेवल्या ठेवल्या कावळो शिवलो."



मग त्या हळूच म्हणाल्या, "आज सोडलात ना?"

वहिनी, मला माफ करा.

भाऊ, तुम्हाला वर्षभर मी अडकवून ठेवलं. घरी पोचलात, आता तिथेच राहा. माझा नमस्कार.